बॉम्ब विसरलेला गॉडझिला

‘गॉडझिला एक्स काँग’ २०२४ मध्ये आला तेव्हा त्याच्या कैवाऱ्यांनी केलेला युक्तिवाद अजून ऐकू येतो: राक्षसांच्या मारामारीत अणुबॉम्ब कशाला शोधता? लोकांना मजा येते आहे, मालिका चालू द्या. हा युक्तिवाद मला नुसता उथळ वाटत नाही, खोटा वाटतो. या राक्षसात बॉम्ब समीक्षकांनी कोंबलेला नाही. तो जन्मापासून तिथे आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ खलाशांवर पडली; नौकेचा रेडिओचालक सप्टेंबरात दगावला. चाचण्या थांबवा, अशी मागणी नेहरूंनी लोकसभेत एप्रिलमध्येच केली होती. नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’, म्हणजेच पहिला गॉडझिला, झळकला. त्याची सुरुवातच समुद्रातल्या लखलखाटात जळणाऱ्या नौकेने होते.

त्यातला शास्त्रज्ञ सेरिझावा मला साऱ्या मालिकेचा कणा वाटतो. राक्षसाला मारू शकेल असे एकमेव अस्त्र त्याच्याकडे आहे आणि तो ते द्यायला तयार नाही. एकदा ते वापरले की प्रत्येक सरकार ते मागणार, हे त्याला ठाऊक आहे. कागद जाळता येतील, पण डोक्यातल्या ज्ञानाचे काय? उद्ध्वस्त शहर पाहून तो अखेर राजी होतो, पण आधी टिपणे जाळतो आणि समुद्रतळाशी अस्त्र वापरून झाल्यावर स्वतःची हवेची नळी कापतो. विज्ञानाच्या जबाबदारीचा प्रश्न इतक्या निष्ठुरपणे शेवटापर्यंत नेणारे पात्र लोकप्रिय सिनेमाने क्वचितच दिले असेल.

हॉलिवूडने याच माणसाचे काय केले पाहा. २०१४ च्या चित्रपटात पॅसिफिकमधले स्फोट या चाचण्या नव्हत्याच, ते राक्षसाला मारण्याचे प्रयत्न होते, असे सांगितले जाते. म्हणजे ज्या गुन्ह्यातून ही कथा जन्मली, तो गुन्हाच मानवजातीचा बचाव ठरला. २०१९ च्या चित्रपटात तर सेरिझावा नावाचाच शास्त्रज्ञ, हिरोशिमातून वाचलेल्या बापाचा मुलगा, मरणासन्न गॉडझिलाला शक्ती मिळावी म्हणून स्वतःच्या हाताने अण्वस्त्र फोडतो आणि प्राण देतो. पहिला सेरिझावा अस्त्र जगाच्या हाती लागू नये म्हणून मेला. दुसऱ्याला अस्त्र पवित्र करण्यासाठी मारले.

हे पाहिल्यावर वाटते, पहिल्या सेरिझावाबरोबर १९५४ मध्येच सारे संपायला हवे होते. पण ते मत खुद्द पहिला चित्रपटच टिकू देत नाही. शेवटी वृद्ध प्राध्यापक यामाने म्हणतात की चाचण्या चालू राहिल्या तर असा दुसरा जीव जगात कुठेतरी पुन्हा वर येईल. १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीतून हा इशारा गाळला गेला. होंडांनी मालिकेचे आयुष्य प्रेक्षकांच्या उत्साहाशी बांधले नव्हते, माणसाच्या वागण्याशी बांधले होते. म्हणून १९७१ मध्ये कारखान्यांच्या घाणीतून वाढलेला हेडोरा हा राक्षस येऊ शकला आणि फुकुशिमानंतर, २०१६ मध्ये, बैठकांत अडकलेले सरकार दाखवणारा ‘शिन गोजिरा’.

ताकाशी यामाझाकींचा ‘मायनस वन’ (२०२३) तर सेरिझावाशीच वाद घालतो. आत्मघातकी पथकातून पळालेला वैमानिक शेवटच्या हल्ल्यात मरत नाही. विमानात बाहेर फेकणारी खुर्ची बसवलेली असते. ज्या देशाने माणसांचे प्राण स्वस्त केले, त्याला दिलेले हे उत्तर मला सेरिझावाच्या बलिदानाहून धाडसी वाटते. जपानी सैन्याने चीन-कोरियात काय केले, याबद्दल मात्र हा चित्रपट गप्प आहे, आणि ते गप्प बसणे मला खुपते. पुढचा भागही यामाझाकीच करणार आहेत. त्यांनी तिथे जावे. त्यासाठी मालिका चालू राहायला हवी.

अमेरिकी मालिका मात्र थांबावी. बिकिनीच्या रहिवाशांना १९४६ मध्ये चाचण्यांसाठी बेटावरून हलवले. सत्तरच्या दशकात काही कुटुंबे परतली, पण किरणोत्सर्गामुळे १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बाहेर काढावे लागले. त्यांच्या बेटावरचे स्फोट जगाच्या रक्षणासाठी होते, असे सांगणाऱ्या कथेचा आणखी एकही भाग निघू नये.