सुंबरान कोणासाठी?

फलटण सोडून दक्षिणेला निघालेला रस्ता शिखर शिंगणापूरच्या डोंगराजवळून दहिवडीला येतो, म्हसवडवरून माणगंगेच्या खोऱ्याने आटपाडी तालुक्यात उतरतो आणि खरसुंडी मागे टाकून नागजच्या बाजूने आरेवाडीला, बिरोबाच्या बनात पोचतो. शिंगणापूरचा शंभू महादेव, म्हसवड आणि खरसुंडीचा सिद्धनाथ, आरेवाडीचा बिरोबा असे देव या एका वाटेवर आहेत. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला तो 500 च्या आसपास येऊन थबकतो. शेती बेभरवशाची, म्हणून मेंढरे. आणि मेंढरांमागे चालणाऱ्यांची धनगरी ओवी, ढोल-कैताळ, रुमाल फिरवत घुमणारा गजी नाच. उघड्या माळांचे सौंदर्य कळू लागल्यापासून या वाटेने गाड्या येतात आणि गाणेही पाहण्यासारख्या गोष्टींच्या यादीत जाऊन बसते. म्हणून एक प्रश्न विचारावासा वाटतो. वाटेत थांबून जो दहा मिनिटे ओवी ऐकतो, त्याने ओवी ऐकली असे म्हणता येईल का?

ओवीची सुरुवात सुंबरानाने होते. सुंबरान म्हणजे स्मरण, पण ते नुसते आठवणे नव्हे. ते मांडायचे असते, जसा घट मांडतात, पूजा मांडतात. देवांची नावे त्यांच्या ठिकाणांसह घेतली जातात आणि जिथे गाणारे बसले आहेत तिथे ते देव हजर आहेत असे धरून पुढची कथा चालते. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरायचा, कोकणातल्या शेतांत ती बसवायची, पावसाळ्याआधी पुन्हा वर यायचे, असा ज्यांचा वर्षाचा फेरा होता त्यांना देऊळ पाठीवर नेता येत नव्हते. सुंबरान हे त्यांचे चालते देऊळ. त्यामुळे ओवीचा पहिला श्रोता देव आहे, आणि माणसे त्याच्या शेजारी बसून ऐकतात. माझे म्हणणे इतकेच आहे की हा क्रम ज्या ऐकण्यात टिकतो ते ऐकणे उपासनेत मोडते. जिथे तो उलटतो आणि माणूस पहिला श्रोता होतो, तिथे चाल तीच, ढोल तोच, तरीही घडते ते वेगळे काही.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. तुकोबांचे अभंग भीमसेन जोशींनी ‘संतवाणी’त मैफलीच्या मंचावर गायले, तिकीट काढून आलेल्यांचेही डोळे ओलावले. अभंगाची भक्ती मंचावर टिकते, तर ओवीचीच का टिकू नये? मला वाटते, फरक रचनेत आहे. अभंग ही पुरी झालेली रचना असते. शेवटी संताची नाममुद्रा असते, आणि आर्जव कोणाला केले आहे ते शब्दांतच बांधलेले असते. म्हणून तो कुठेही नेला तरी आपला देव सोबत नेतो. ओवीला अशी कायमची संहिता नाही, मुद्राही नाही. गाणारा कथा पुढे नेतो, साथीचे झिलकरी ती उचलून धरतात, मध्येच गाणे थांबवून गद्यात तीच सांगितली जाते, आणि त्या त्या रात्री त्या त्या बैठकीत ती नव्याने घडते. तिचा देव शब्दांत कोरलेला नसून सुंबरानाने बोलावलेला असतो. तेवढेच कापून मधला जोरकस तुकडा उचलला, तर राहते ते गाणे कोणालाच उद्देशून राहत नाही.

याचा अर्थ ओवी बनातच ऐकावी, माळावरच ऐकावी, असा मात्र मुळीच नाही. जागेच्या सोवळेपणाचा आग्रह धनगरांच्या परंपरेलाच मान्य होणारा नाही. त्यांचा देवही एका जागी वा एका भाषेत राहिलेला नाही: आरेवाडीचा बिरोबा सीमेपलीकडे कानडीत बीरप्पा होतो, तिथल्या मेंढपाळ कुरुबांचा डोळ्ळू ढोल त्याच्यासाठी वाजतो, आणि सांगलीकडचे भक्त मायाक्का देवीला भेटायला सीमेपलीकडच्या चिंचलीला जातात. वाटेवरच्या लोकांचे गाणे वाटेवर ऐकले म्हणून विटाळत नाही. उणीव पडते ती वेळेची. कोणी म्हणेल, देवाला वेळेचे काय, संतांनी तर क्षणभराचे नामही पुरे म्हटले. खरे आहे, नामस्मरण मुळातच कमीत कमीत मावणारे साधन आहे. ओवीची देवाविषयीची समज मात्र कथेतून येते. तिचा देव हिंडतो, हरवतो, रानात वाढतो, त्याला शोधावे लागते. तो उशिरा सापडतो, हाच त्या समजुतीचा गाभा. रात्रभराची कथा दहा मिनिटांत उरकली की शोधणे गळते आणि सापडलेला देव तेवढा हातात येतो, ज्याला ओवीने कधी देव म्हटलेलेच नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तिथे मी मान्य करतो. चराऊ रान आटले, पोरे शाळेत गेली, कळप कमी झाले. मंचावरच्या छोट्या कार्यक्रमाने गाणाऱ्याला चार पैसे आणि मान मिळत असेल, तर तो घेऊ नको म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. आपल्याला अस्सल ऐकायला मिळावे म्हणून दुसऱ्याने मेंढरांमागे उन्हातान्हात चालत राहावे, ही मागणी तर अधर्माचीच. म्हणून हा आग्रह गाणाऱ्यावर लादायचा नाही. तो ऐकणाऱ्याचा आहे: बिदागी पुरी द्यावी, सुंबरान कापायला सांगू नये, बसायचे तर बसावे.

यासाठी बिरोबावर श्रद्धा असलीच पाहिजे असेही नाही. गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक. त्यांनी धनगरांमध्ये जाऊन ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि 1976 साली बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचे त्यांचे पुस्तक जर्मनमध्ये निघाले. मोठ्या धर्मग्रंथांचे खाली गळलेले तुकडे म्हणून त्यांनी या ओव्यांकडे पाहिले नाही. त्यांना स्वतःची बुद्धी आणि स्वतःचा इतिहास आहे असे धरूनच त्या वाचल्या. तेही परमुलखातून आलेले प्रवासीच होते. पण गाणाऱ्याने देवांची नावे घ्यायला सुरुवात केली, की ती संपेपर्यंत ध्वनिमुद्रणाची फीत फिरत राहावी लागते, आणि तेवढा वेळ ऐकणाऱ्यालाही त्याच जमिनीवर, देवाच्या बाजूला बसून राहावे लागते.