घरी बसण्याची मजुरी

अमेरिकेत नोकरी गेलेल्या माणसाला भत्ता हवा असेल तर एरवी तीन गोष्टींची ग्वाही द्यावी लागते: मी काम करू शकतो, काम मिळाले तर यायला मोकळा आहे आणि मी काम शोधतो आहे. 1932 मध्ये विस्कॉन्सिनने बेकारी विम्याचा पहिला कायदा केला आणि 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ही पद्धत देशभर नेली. मालकांकडून कर घ्यायचा आणि नोकरी गेलेल्याला पगाराचा काही भाग द्यायचा. बहुतेक राज्यांत 26 आठवडे, फ्लोरिडात अवघे 12.

मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीत ही ग्वाहीच निरर्थक झाली. काम शोधायला घराबाहेर पडू नका, असे आता सरकारच सांगत होते. 28 मार्चला संपलेल्या एका आठवड्यात, तेव्हाच्या आकडेवारीनुसार, 66 लाखांहून अधिक नवे अर्ज आले. कोविडपूर्वीचा आठवड्याचा उच्चांक 1982 चा, सुमारे 7 लाखांचा. फ्लोरिडातल्या हायलीया शहरात तर संकेतस्थळ चालेना म्हणून लोक कागदी अर्जांसाठी गर्दी करून रांगेत उभे राहिले.

त्याआधीच, 27 मार्चला, नवा कायदा झाला होता. राज्याची मुदत संपली की आणखी 13 आठवडे केंद्राच्या पैशातून. विम्यात कधीच न बसलेले टॅक्सीचालक, स्वतःचे छोटे दुकान चालवणारे न्हावी, असे स्वयंरोजगारीही प्रथमच आत आले. आणि सर्वांना आठवड्याला 600 डॉलर जास्तीचे.

हा 600 चा आकडा नीट समजून घेण्यासारखा आहे. सरासरी पगार आणि सरासरी भत्ता यांत साधारण तेवढेच अंतर होते. ज्याचा जेवढा पगार बुडाला तेवढाच त्याला द्यावा, हे अधिक रास्त झाले असते. पण राज्यांच्या जुनाट संगणकांना तो हिशेब झेपणारा नव्हता. न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी तर कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणाऱ्यांना जाहीर साद घातली. म्हणून सर्वांना एकच रक्कम. शिकागो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांच्या अंदाजानुसार, त्यामुळे पात्र कामगारांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना गेलेल्या पगारापेक्षा जास्त पैसे मिळू शकत होते.

यावरून ‘लोक आळशी होतील’ अशी ओरड झाली. मला ती पटत नाही. साथीत घरी बसणारा माणूस रोगाची साखळी तोडत असतो; ते सार्वजनिक काम आहे आणि त्याची मजुरी द्यायलाच हवी. भत्ता पगाराहून मोठा ठरला, याचा दोष मी आधी त्या तुटपुंज्या पगाराला देईन.

खरी चूक मुदतीत होती. जुलै 2020 अखेर 600 डॉलर थांबले, रोग मात्र थांबला नव्हता. डिसेंबरात वाढीव योजना 26 तारखेला संपल्या आणि नव्या कायद्यावर अध्यक्षांची सही 27 ला झाली. पुढे मुदत सप्टेंबर 2021 पर्यंत गेली, तरी निम्म्या राज्यांनी त्याआधीच हात आखडता घेतला. दर खेपेला माणसे धास्तावून तारखेकडे डोळे लावून बसत, कारण घरभाड्याची तारीख काही पुढे ढकलली जात नव्हती.

महाराष्ट्राला बेकारी भत्ता हा शब्द नवा नाही. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. 1977 च्या कायद्याने मागेल त्याला काम आणि ते वेळेत दिले नाही तर भत्ता, असे लिहून दिले. दुष्काळात खडी फोडायला, नालाबांध घालायला शेकडो हात एकत्र आणता येतात. साथीत त्याच हातांना एकमेकांपासून दूर ठेवायचे असते, म्हणजे हमी कामाची नव्हे, थांबण्याची हवी. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने ऑगस्ट 2020 मध्ये बेकारीची मदत सरासरी कमाईच्या 25 वरून 50 टक्क्यांवर नेली, तीही 90 दिवसांपुरती आणि फक्त विमाधारकांना.

तोवर मे महिना उलटून गेला होता. टाळेबंदीत जालन्यातल्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी निघाले होते. रूळ धरून भुसावळच्या दिशेने चालताना करमाडजवळ थकून ते रुळांवरच झोपले आणि 8 मेच्या पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या. थांबा म्हणून त्यांना सगळ्यांनी सांगितले होते. थांबण्याचे पैसे कोणी दिले नव्हते.