नवी बॅटरी आणि नवा सेवक

शास्त्रपाठ : लूक 24:44-53, प्रेषितांची कृत्ये 1:1-14



काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या जुन्या मोटारसायकलीसाठी नवी बॅटरी घेतली. दुसऱ्या दिवशी खानापूर तालुक्यातील खेड्यांत प्रार्थनासभा होत्या, म्हणून आम्हांला घाई होती. दुकानदाराने बॅटरीत अ‍ॅसिड भरले व म्हणाला, "पाद्रीसाहेब, आज ही चार्जिंगला ठेवून जा. उद्या न्या." आम्ही म्हणालो, "नवीच तर आहे! गाडी चालली की आपोआप भरेल." बॅटरी बसवली, किक मारली, गाडी सुरू झाली. आम्हांस वाटले, एक दिवस वाचला.

चार महिने झाले नाहीत तोच दिवा पिवळा पडू लागला. एका पावसाळी रात्री मंडळीतील एका आजारी आजींनी प्रार्थनेसाठी बोलावणे पाठवले, आणि वाटेत रानातच गाडी बंद पडली. आम्ही चिखल तुडवत पोहोचलो तेव्हा उजाडत आले होते. आजी शुद्धीवर नव्हत्या. सून म्हणाली, "मध्यरात्रीपर्यंत दाराकडे बघत होत्या." ते शब्द आम्ही अजून विसरलो नाही.

पुढे गॅरेजमधल्या मिस्त्रींनी आमची चूक समजावून सांगितली. आजकाल पुष्कळ बॅटऱ्या कारखान्यातूनच भरून व बंद करून येतात. पण कोरडी मिळणारी बॅटरी वेगळी. तिच्या शिशाच्या पट्ट्या कारखान्यात भारून, वाळवून ठेवलेल्या असतात. अ‍ॅसिड पडेपर्यंत तिच्यातून वीज निघत नाही. प्रत्येक खणात वरच्या रेघेपर्यंत अ‍ॅसिड भरावे, मग अर्धा-एक तास तिला हात लावू नये. पट्ट्या अ‍ॅसिड शोषून घेतात, पातळी उतरते, म्हणून पुन्हा रेघेपर्यंत भरावे. एवढ्यावर बॅटरी साधारण 80 टक्केच तयार होते. उरलेले काम चार्जिंगचे. ते न करता तिला कामाला जुंपली, तर ती पुढे कधीच पुरी भरत नाही असे होऊ शकते. पहिल्या दिवशीची उणीव तिच्या आयुष्यभर राहते.

प्रियांनो, प्रभूने वर जाण्यापूर्वी आपल्या शिष्यांना काय आज्ञा केली? त्यांनी पुनरुत्थित प्रभूला पाहिले होते, शास्त्रे समजण्यास त्यांची मने उघडली होती, आणि जग तर वाट पाहत होते. तरी त्याने त्यांना वरून सामर्थ्य मिळेपर्यंत यरुशलेमेतच थांबण्यास सांगितले. स्वर्गारोहणापासून पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत सुमारे दहा दिवस ते एकचित्ताने प्रार्थना करीत राहिले. ते दहा दिवस वाया गेले असे कोण म्हणेल?

आता चार्जिंगची रीत पाहू. बॅटरीच्या क्षमतेच्या एकदशांश एवढाच प्रवाह द्यावा. 9 अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर 0.9 अँपिअर. किती तास, हे बॅटरीबरोबरच्या कागदात असते, ते पाळावे. लवकर व्हावे म्हणून जास्त प्रवाह सोडला तर अ‍ॅसिड तापते व पट्ट्या वाकतात. नव्या विश्वासणाऱ्याचेही तसेच आहे. थोडे थोडे, नेमाने, त्याला पचेल एवढे द्यावे.

चार्जिंग चालू असता खणांची बुचे उघडी ठेवावी लागतात, कारण आतून हायड्रोजन वायू निघतो. त्याला वाट हवी, आणि जवळ बिडी-काडी पेटवू नये. तरुण माणूस वचनात वाढू लागला की त्याच्या मनातून प्रश्न निघतात. शिक्षकहो, त्यांना वाट द्या. "असे विचारू नये" म्हणून बूच लावू नका, आणि रागाची ठिणगीही पाडू नका.

आणखी एक गोष्ट. पहिल्या भरणीनंतर बॅटरीत पुन्हा अ‍ॅसिड घालायचे नसते. उडून जाते ते पाणी, म्हणून वेळोवेळी फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विश्वासात थोडी मरगळ आली की आम्ही मोठ्या संजीवन सभेची वाट पाहतो. बहुतेक वेळा उणे असते ते रोजचे शास्त्रवाचन आणि रोजची प्रार्थना.

आम्ही हे सर्व का लिहितो? आमच्या मंडळीत एका तरुणाचे दृढीकरण झाले. मुलगा उत्साही, आवाज गोड. महिन्याभरात आम्ही त्याच्याकडे रविवारची शाळा दिली, तरुण संघाचे चिटणीसपद दिले, नाताळचे गायनही दिले. त्याच्याबरोबर बसून एक अध्याय वाचायला मात्र आम्हांपैकी कोणालाच सवड झाली नाही. वर्ष सरले आणि तो उपासनेस येईनासा झाला. लोक म्हणाले, "मुलात दम नव्हता." ते खरे नाही. दम भरण्याचे काम आमचे होते, ते आम्ही केले नाही. पौल तीमथ्याला सांगतो की अध्यक्ष नवशिका नसावा, आणि कोणावर हात ठेवण्याची घाई करू नये. हे आम्ही कितीदा वाचले होते!

तथापि तयारीचे निमित्त करून कोणी बसूनही राहू नये. भरलेली बॅटरी कपाटात पडून राहिली तर हळूहळू उतरते, आणि उतरलेली तशीच ठेवली तर पट्ट्यांवर गंधकाचा क्षार बसून घट्ट होतो. शिष्य थांबले, पण सामर्थ्य येताच त्याच दिवशी लोकांसमोर उभे राहिले.

तेव्हा येत्या वर्षी रविवारच्या शाळेसाठी नवे शिक्षक निवडाल, तेव्हा त्यांना लगेच वर्ग देऊ नका. काही महिने जुन्या शिक्षकाशेजारी बसवा. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवा. आणि जे आमच्या घाईमुळे दुरावले, त्यांच्या घरी जा व क्षमा मागा. आम्ही त्या तरुणाकडे गेलो होतो. त्याने चहा दिला, फार बोलला नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

थांबण्याची आज्ञा देणारा आणि मग पाठवणारा प्रभू आम्हां सर्वांस धीर व सामर्थ्य देवो. आमेन.