मुलाने हुन्नर शिकावा की पदवी घ्यावी?

दहावीच्या परीक्षेचा निकाल लागला म्हणजे खेड्यापाड्यांतील आमच्या मंडळ्यांत दर वर्षी एक प्रश्न निघतो. मुलास तालुक्याच्या आय. टी. आय.मध्ये घालावे की कॉलेजात पाठवावे? आईबाप सल्ला विचारावयास उपदेशकांकडे येतात, आणि उपदेशक बहुधा मुलाचे गुण विचारून उत्तर देतात : गुण चांगले असतील तर कॉलेज, कमी असतील तर हुन्नर. हा तोडगा सोपा खरा. परंतु तो न्याय्य आहे काय, याचा विचार आज वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हुन्नराचे नाव काढताच ज्या आईबापांस राग येतो, त्यांचे म्हणणे प्रथम ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, "आमच्या वाडवडिलांनी दोर वळले, केरसुण्या बांधल्या, कातडी कमावली. तो धंदा त्यांनी निवडला नव्हता. तो जन्माबरोबर त्यांच्या गळ्यात पडला होता. आता कोठे मुलांच्या हाती पुस्तक आले, तोच तुम्ही पुन्हा हातोडा देता काय?" हा राग आळसाचा नव्हे, त्यामागे अनुभव आहे. मद्रास राज्यात १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी अशी योजना काढली की, मुलांनी दिवसाची एक पाळी शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात आईबापांचा धंदा शिकावा. शाळा थोड्या आणि मुले फार, ही अडचण त्यांच्यापुढे होती. परंतु चांभाराचा मुलगा चांभारच राहावा, असाच याचा अर्थ होतो, असे म्हणून लोकांनी त्या योजनेस 'कुलशिक्षण' हे नाव ठेविले व तिला कडाडून विरोध केला. १९५४ साली राजगोपालाचारी पायउतार झाले, आणि कामराज यांच्या सरकारने ती योजना रद्द केली. यातून बोध हा की, दोष हुन्नर शिकविण्यात नव्हता. कोणी काय शिकावे हे कुळावरून ठरविण्यात होता.

मग कोणी म्हणेल, गुणांवरून ठरविणे तरी निराळे आहे ना? पूर्णपणे नाही. ज्या घरी अभ्यासाला दिवा व जागा आहे, शिकवणीला पैसा आहे, तेथील मुलाचे गुण आणि संध्याकाळी शेळ्या वळून आलेल्या मुलाचे गुण एका तराजूत घालता येत नाहीत. जर्मनीत बहुतेक प्रांतांत चौथीनंतर, म्हणजे सुमारे दहाव्या वर्षी, मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. आणि शिकलेल्या घरची मुलेच वरच्या शाळेत अधिक जातात, ही तक्रार तेथे जुनी आहे. ही गोष्ट घेण्याजोगी नाही. परंतु त्याच देशाची दुसरी गोष्ट घेण्याजोगी आहे. तेथील उमेदवार दोन ते साडेतीन वर्षे कारखान्यात किंवा दुकानात विद्यावेतन घेऊन काम शिकतो, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेतही बसतो. हात आणि पुस्तक यांची तेथे फारकत होत नाही. आपल्या देशाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आकडे दिले आहेत : धंद्याचे रीतसर शिक्षण घेतलेले तरुण कामकरी जर्मनीत शंभरांत ७५, दक्षिण कोरियात ९६, आणि भारतात पाचांहूनही कमी.

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालाप्रमाणे, २०२२ साली पदवीधर तरुणांत बेकारी शेकडा २९.१ होती, आणि ज्यांस लिहितावाचता येत नाही त्यांच्यात अवघी ३.४. यावरून कित्येक म्हणतात की, शिकून मुलगा बिघडतो. हे अनुमान खोटे आहे. निरक्षर गरिबास रिकामे बसणे परवडतच नाही. मिळेल त्या मजुरीवर तो जातो, आणि आकड्यांत त्याला काम आहे असे दिसते. तथापि एवढे खरे की, हेतूवाचून घेतलेली आणि त्यासाठी वावर गहाण पडलेले अशी पदवी म्हणजे मुलावर उपकार नव्हे.

तर मग मार्ग कोणता? जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शाळांविषयी निवेदन केले. त्यांत मोडी व बालबोध वाचनलेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांच्याच पंक्तीस त्यांनी शेतीचे ज्ञान बसविले. अमक्याला पुस्तक आणि तमक्याला नांगर, अशी वाटणी त्यांनी केली नाही. पौलही गमलिएलाच्या पायांपाशी शिकला होता आणि तंबू करण्याचा धंदाही जाणत होता, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

यास्तव उपदेशकांनी व आईबापांनी तीन गोष्टी पाहाव्या, अशी आमची विनंती आहे. पहिली, मुलाची आवड त्यालाच विचारावी, तशीच मुलीचीही. शिवणकामापलीकडे मुलींस काही येणार नाही, असे धरून चालू नये. दुसरी, पुढचे दार उघडे आहे की नाही ते पाहावे. दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन झालेला मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षास, आणि तेथून इंजिनिअरिंगच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मागू शकतो. हे पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून हुन्नर म्हणजे वाटेचा शेवट असे त्यांस वाटते. तिसरी, मंडळीने मान देताना भेद करू नये. सोयरीक जुळविताना मास्तराच्या मुलास पाट आणि वायरमनला उंबरा, असे जोवर आपण करतो, तोवर श्रमाच्या प्रतिष्ठेवरचे आपले उपदेश मुले खरे मानणार नाहीत.

शेवटी, सल्ला देणाऱ्याने स्वतःस एक प्रश्न विचारावा. याच आवडीचा व एवढ्याच गुणांचा मुलगा माझ्या घरी असता, तर मी हेच सांगितले असते काय? उत्तर 'होय' असेल, तर निर्भयपणे सांगावे. 'नाही' असेल, तर तो सल्ला दुसऱ्याच्या मुलासही देऊ नये.