राजीनाम्याआधीचा अर्ज

सिंधुदुर्गात कसालला मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो. आजूबाजूच्या वाड्यांत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे आईवडील दोघंच राहतात आणि मुलगा किंवा मुलगी मुंबई-पुण्याला नोकरीत आहे. साध्या दुखण्याला ओरोसचं सरकारी रुग्णालय जवळ आहे. हृदयाचं किंवा मेंदूचं निघालं की गाडी गोव्यात बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला काढावी लागते. तेव्हा अनेक घरांची भिस्त असते ती मुलाच्या कंपनीने काढलेल्या आरोग्य विम्यावर. मुलाने नोकरी सोडली की तो विमा संपतो, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

त्या विम्याचं कार्ड एकदा नीट वाचा. बहुतेक कार्डांवर वर कंपनीचं नाव असतं, खाली आपलं आणि घरच्यांचं. करार नोकरी देणारी कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला. आपण त्या गटाचे नुसते सभासद. नोकरी गेली की सभासदत्व गेलं. पीएफ, ग्रॅच्युइटी आपल्या नावावर साठते आणि मागाहूनही मिळते. विम्यात मात्र काहीच साठत नाही असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो.

साठतात ते महिने. स्वतंत्र पॉलिसी नव्याने घेतली, तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. २०२४ च्या नियमांआधी ही मर्यादा ४८ महिने होती. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणं अशांना बहुधा दोन वर्षांची वेगळी अट. आता बघा, बाबा ६६ वर्षांचे, मधुमेह आहे, रक्तदाब आहे, मुलाच्या गट विम्यात पाच वर्षं त्यांचं नाव होतं. मुलाने नोकरी सोडली, चार महिन्यांनी बाबांची कोरी पॉलिसी काढली. या आजारांसाठीचं घड्याळ पुन्हा शून्यावर. ते ६९ चे होईपर्यंत त्यांतून उद्भवणाऱ्या दुखण्याचा खर्च कंपनी नाकारू शकते. याच वयात ही तीन वर्षं सगळ्यांत धोक्याची.

यावर नियमातच वाट आहे. गटातून बाहेर पडताना सभासदाला, आणि त्याच विम्यात असलेल्या घरच्यांनाही, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. खंड न पडता भरलेली वर्षं हिशेबात धरली जातात. बाबांची ती पाच वर्षं वाया जात नाहीत. मात्र जुन्या विमा रकमेपुरतीच. तीन लाखांचे दहा केले, तर वरच्या सात लाखांना नवी मुदत लागते. कंपनी तब्येतीची कागदपत्रं पाहते, प्रीमियम स्वतःच्या दराने लावते, नकारही देऊ शकते. म्हणूनच हे काम नोटीस पिरियडमध्ये करायचं, विमा चालू असताना.

अमेरिकेत १९८५ च्या कोब्रा कायद्याने नोकरी सुटल्यावरही, पूर्ण प्रीमियम स्वतः भरून, साधारण १८ महिने तोच गट विमा ठेवता येतो. आपल्याकडच्या खासगी गट विम्याला असा कायदा नाही. ईएसआय या सरकारी कामगार विम्यात मात्र किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. गिरण्या-कारखान्यांतून कोकणात परतलेल्या किती जणांना हे कोणी सांगितलं?

सरकारी योजनांचा आधार आहेच. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळू शकतं. ती कार्डं जरूर काढावीत. पण योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांपुरती आणि ठरलेल्या उपचारांपुरतीच ती चालतात.

वैयक्तिक पॉलिसीचा प्रीमियम म्हाताऱ्यांसाठी जड जातो, हे खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा भार हलका झाला. तरीही मला वाटतं, बाकीचा खर्च आवळून हा करावा. नव्या कंपनीचा विमा मिळेल या भरवशावर राहू नका. त्यात आईवडील असतीलच असं नाही.

राजीनामा देणार असाल तर आधी एचआरकडून गट पॉलिसीचा नंबर, विमा कंपनीचं नाव आणि घरच्या प्रत्येकाचं नाव कोणत्या तारखेला चढलं, हे लेखी मागून घ्या, आणि शेवटच्या दिवसाआधी विमा कंपनीकडे अर्ज करा.