जुळणे आणि शरण जाणे

माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. भोवतालच्या समाजाशी जुळवून घ्यावे, तर आपले काही उरते काय? या प्रश्नाचा विचार मी अलीकडे नव्याने करू लागलो तो गच्चीवरील सौरसंचामुळे.

आमच्या इंदूरच्या घरी बॅटरीसह चालणारा इन्व्हर्टर आहे. शहराचा वीजपुरवठा चालू असतो तेव्हा सेकंदाला ५० आवर्तनांची लय ग्रीड ठरविते आणि इन्व्हर्टर त्या लयीत आपला प्रवाह मिसळतो. पुरवठा खंडित झाला की घरापुरती लय त्यालाच निर्माण करावी लागते. एकच यंत्र क्षणात अनुयायाचे स्वामी होते.

मात्र स्वामी होण्यापूर्वी त्याला एक कर्तव्य पार पाडावे लागते. रस्त्यावरील वाहिनीशी असलेला संबंध त्याने आधी पुरता तोडावयाचा असतो. तार निर्जीव समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या प्राणावर आमच्या घरातील उजेड बेतता कामा नये. यासाठीच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनी, अशा वेळी वाहिनीत वीज सोडणे २ सेकंदांच्या आत थांबले पाहिजे, असे बंधन घातले. बॅटरी नसलेले साधे सौरसंच तर भर उन्हातही बंद पडतात. स्वावलंबनालाही शेजारधर्म चुकत नाही, हा यातील पहिला बोध.

तुटण्याहून जुळणे अवघड. वीज परतली म्हणून इन्व्हर्टर लगेच धाव घेत नाही. ती स्थिर आहे की नाही हे तो काही काळ पाहतो. मग व्होल्टेज, आवर्तने आणि लाटेचा चढउतार हळूहळू जुळवून आणतो, आणि त्यानंतरच स्विच मिटतो. लाट विरुद्ध असताना जोडणी झाली तर प्रचंड प्रवाह उसळून यंत्रेच निकामी होतील. मोठ्यांनाही हाच नियम लागू आहे. दक्षिण भारताचे ग्रीड दीर्घकाळ आपल्या स्वतंत्र लयीत चालत होते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने ते उर्वरित देशाशी एकलय झाले, तेही लय जुळल्यावरच.

येथे आक्षेप निघेल की, नेहमी लहानानेच का जुळवून घ्यावे? आक्षेप रास्त आहे. एका घरासाठी ग्रीड आपली लय बदलत नाही. परंतु इन्व्हर्टर सोडतो ती केवळ आपली वेळ. त्याची ऊर्जा त्याच्याच गच्चीवरील सूर्याची असते आणि ती जुळल्यानंतरच इतरांच्या उपयोगी पडते. शिवाय मोठे ते अढळ असतेच असे नाही. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे ग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी त्याच्यासह पूर्व व ईशान्येचेही कोसळले.

तेव्हा जुळण्यात मानहानी नाही. मानहानी आहे ती बॅटरी रिकामी ठेवून जुळण्यात. होळकरांचे राज्य १९४८ साली मध्यभारतात आणि १९५६ साली मध्य प्रदेशात सामावले. आपणही बाजारात, कचेरीत हिंदीची लय आपलीशी केली, आणि ते योग्यच झाले. परंतु घराचे दार लावून घेतल्यावर आपली नातवंडे मराठीत भांडू, रुसू, हसू शकतात काय? शकत असतील, तर आपण जुळलो. नसतील, तर शरण गेलो, आणि त्याचा दोष ग्रीडला देता येणार नाही.