रथ मधोमध उभा राहतो तेव्हा

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक १ ते ४७



रविवारी रात्री भाचीचा व्हिडिओ कॉल आला. आठवीत आहे. "मामा, उद्या प्रोजेक्ट द्यायचंय. गोष्टींमधल्या संघर्षाचे प्रकार. एक गोष्ट निवडायची आणि त्यात कुठला संघर्ष आहे ते लिहायचं. मी महाभारत घेतलंय. सोपंय ना? माणूस विरुद्ध माणूस. झालं!"

मी म्हटलं, "बस जरा. एकेक बघू."

पहिला प्रकार तिने सांगितलाच. माणूस विरुद्ध माणूस. भीम आणि दुर्योधन, अठराव्या दिवसाचं गदायुद्ध. समोर शत्रू दिसतो, त्याला नाव आहे, चेहरा आहे.

दुसरा, माणूस विरुद्ध समाज. इथे द्रौपदी आठवते. भर सभेत तिने एकच कायदेशीर प्रश्न विचारला: जो स्वतःलाच आधी हरला, त्याला मला पणाला लावायचा हक्क उरतो का? भीष्म म्हणाले, धर्म फार सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. कौरवांमधला एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलला. बाकी सभा बहुतेक गप्प. तिचा झगडा दुःशासनाशी होताच, पण त्याहून मोठा त्या गप्प बसलेल्या सभेशी होता.

तिसरा, माणूस विरुद्ध निसर्ग. वनवासात तहानेने व्याकूळ झालेले पांडव. पाणी आणायला गेलेले चार भाऊ तळ्याकाठी निपचित पडलेत. वाटतं तहानेची गोष्ट आहे, पण यक्ष प्रश्न विचारायला लागतो आणि ती धर्माची परीक्षा होते. एकच भाऊ परत मिळेल म्हटल्यावर युधिष्ठिर भीम मागत नाही, अर्जुन मागत नाही, नकुल मागतो. का? तर कुंतीचा एक मुलगा मी आहे, माद्रीचाही एक जगायला हवा.

चौथा, माणूस विरुद्ध नियती. कर्ण. जन्माचं सत्य त्याला कळतं ते युद्ध दारात आल्यावर. शेवटी रथाचं चाक जमिनीत रुततं आणि ऐन वेळी विद्या आठवत नाही.

आणि पाचवा, माणूस विरुद्ध स्वतः. तो म्हणजे आपला आजचा अध्याय.

भाची भराभरा लिहून घेत होती. मधेच थांबली. "मामा, अर्जुनाचा स्वतःशी संघर्ष होता. मग दुर्योधनाचा का नाही? त्याचेपण तेच नातेवाईक होते ना?"

मंडळी, मी गीता बरीच वर्षं वाचतोय. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

फोन ठेवल्यावर पहिला अध्याय पुन्हा उघडला. रचना बघा. एकाच अध्यायात दोन माणसं तेच सैन्य बघतात. आधी दुर्योधन. तो द्रोणांकडे जातो आणि यादी वाचायला लागतो. त्यांच्याकडे कोण कोण, आपल्याकडे कोण कोण. त्यांचं रक्षण कोण करतोय, आपलं कोण. त्याच्यासाठी सगळी माणसं म्हणजे संख्या. तो मोजतोय.

मग अर्जुन. तो कृष्णाला म्हणतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये ने, मला बघू दे कोणाशी लढायचंय. सुरुवातीला त्याचाही सूर मोजण्याचाच आहे. कृष्ण रथ नेतो आणि बरोबर भीष्म-द्रोणांच्या समोर उभा करतो. आता अर्जुनाला योद्धे दिसत नाहीत. आजोबा, गुरू, मामा, भाऊ, मुलं, नातवंडं, सासरे, मित्र दिसतात. तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, हातातून गांडीव गळतं.

फरक इथे आहे. रथ मधोमध नेल्याशिवाय आतला संघर्ष सुरूच होत नाही. दुर्योधन आपल्या बाजूलाच उभा राहिला, म्हणून त्याला तो प्रश्न पडला नाही. आणि गीतेची सुरुवात आठवा. धृतराष्ट्र विचारतो, 'माझ्या' मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केलं? माझे आणि त्याचे. युद्ध तिथेच, त्या पहिल्या प्रश्नातच सुरू झालेलं आहे.

ज्ञानेश्वर महाराजांनी इथे भुंग्याचा दृष्टान्त दिलाय. कसलंही कोरडं लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकतो, जीव गेला तरी पाकळी चिरत नाही. माया अशी कोवळी, पण कठीण. अर्जुनाला अडवलं ते कुठल्या शस्त्राने नाही, या कोवळेपणाने.

पण म्हणून अर्जुन बरोबर होता का? इथे आपण नीट वाचायला हवं. त्याची भाषा फार सुंदर आहे. कुळाचा नाश होईल, पाप लागेल, राज्य नको, भीक मागितलेली बरी. तरी कृष्ण दुसऱ्या अध्यायात याला दुबळेपणा म्हणतो. कारण यात करुणा आहे तसा मोहही आहे, आणि मोह धर्माचे कपडे घालून येतो. आतल्या संघर्षात आपला प्रत्येक युक्तिवाद आपल्याला उदात्तच वाटतो. म्हणून बाहेरचा कोणीतरी लागतो. अर्जुनाचं मोठेपण त्याच्या युक्तिवादात नाही. 'माझं डोकं चालत नाहीये, मी तुझा शिष्य, मला सांग' हे तो कबूल करतो, त्यात आहे.

आणखी एक गोष्ट. 'सगळा संघर्ष आतच असतो' असं आपण सत्संगात फार सहज बोलतो. द्रौपदीला हे सांगून बघा! तिच्यावर अन्याय झाला होता, तिला आत बघायला सांगणं हा दुसरा अन्याय झाला असता. कोणी ऑफिसात छळ सोसतंय, कोणी घरात मार खातंय, त्यांना 'मन शांत ठेवा' एवढंच म्हणणं ही अध्यात्मिक पळवाट आहे. आमच्या कामात बग चुकीच्या टीमकडे पाठवला की तो महिनोन्‌महिने सुटत नाही. तसंच हे. आधी संघर्षाचा प्रकार ओळखायचा.

आता माझं सांगतो.

बाबा गेल्यापासून माझ्यात आणि दादात गावच्या घरावरून वाद आहे. मला विकायचंय, त्याला ठेवायचंय. सहा महिने आम्ही धड बोललो नव्हतो. मी या वादाला 'माणूस विरुद्ध माणूस' या खान्यात टाकून मोकळा झालो होतो. आणि माझ्याकडे एक एक्सेल शीट होती. औषधांचे पैसे कोणी दिले, हॉस्पिटलचं डिपॉझिट कोणी भरलं, छपराची दुरुस्ती कोणी केली. रविवारी रात्री ती उघडली आणि चरकलोच. दुर्योधनाची यादी! त्यांच्याकडे काय, माझ्याकडे काय.

शेवटची तीन वर्षं बाबा दादाकडे होते. रात्री उठून त्यांना बाथरूमला कोण नेत होतं, याचा कॉलम माझ्या शीटमध्ये नव्हताच. खरं तर पैशाचा वाद मी मुद्दाम जिवंत ठेवला होता. तो संपला असता तर 'तेव्हा तू का नव्हतास?' हा प्रश्न उरला असता, आणि तो दादा नाही, मीच मला विचारत होतो.

काल रात्री फोन केला. घराचा विषय काढला नाही. म्हटलं, "दादा, बाबांचं तू केलंस. मी नव्हतो." तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "जेवलास का?"

वाद मिटलेला नाही. घर अजून तिथेच आहे, आमची मतंही तीच आहेत. कृष्णानेही अर्जुनासमोरचं युद्ध गायब केलं नाही. सगळं सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायात तो म्हणतो, आता नीट विचार कर आणि तुला हवं तसं कर. निर्णय अर्जुनाचाच राहिला. फक्त तो घेणारा हात आता थरथरत नव्हता. आम्हालाही घराचं ठरवावं लागेलच. पण शीट मी डिलीट केली.

आजचा अभ्यास : सध्या ज्या माणसाशी तुमचं बिनसलंय तो डोळ्यासमोर आणा. पाच मिनिटं रथ मधोमध न्या. तिथून तो कोण दिसतो? आणि या भांडणाआड स्वतःला न विचारलेला एखादा प्रश्न लपलाय का? अन्याय खरा असेल तर तसं स्पष्ट म्हणा आणि मदत मागा, त्यात कमीपणा नाही.

भाचीने शेवटी विचारलंच, "मग प्रोजेक्टमध्ये कुठला प्रकार लिहू?" म्हटलं, "पाचही लिही, आणि तुझा दुर्योधनाचा प्रश्नही लिही." सरांनी काय शेरा दिला ते कळलं की सांगेन.

उद्या दुसरा अध्याय, सातवा श्लोक. अर्जुन शिष्य होतो तो क्षण.

राम कृष्ण हरी!